उल्हास नदीच्या माहेरी

बदलापूरला नदीकडच्या अंगाला तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीच्या भिंतीवर खांद्याइतक्या उंचीवर एक रेघ आहे. २६ जुलै २००५ च्या रात्री उल्हास नदी आमच्या घरात आली, तेव्हा पाणी तिथपर्यंत चढले होते. नंतर तीन वेळा रंग दिला. पण ओल्या दिवसांत ती रेघ पुन्हा उमटतेच. भगवान बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी तेव्हापासून आम्ही त्या रेघेच्या वर लावल्या आहेत.

मागच्या पावसाळ्यात तिसरीतल्या नातीने भूगोलाचा अभ्यास करताना विचारले, "ही नदी येते कुठून?" आम्ही म्हणालो, "डोंगरातून." ती म्हणाली, "कुठल्या?" आम्ही गप्प झालो. जिचे पाणी अर्धे आयुष्य प्यालो, जी घरात घुसून भांडीकुंडी घेऊन गेली, तिचे गाव आम्हाला ठाऊक नव्हते. पुस्तकात पाहिले तर राजमाचीचा डोंगर निघाला. कर्जतच्या पलीकडचा. म्हणजे आमच्या लोकल गाडीच्या वाटेवरचाच.

आमच्या संसारात प्रवास म्हणजे काय, तर गावाला लग्नकार्यासाठी, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दोन वेळा नागपूरला दीक्षाभूमीवर. नुसते पाहण्यासाठी म्हणून दोघांनी मिळून कुठे गेलो असे एकदाही झाले नव्हते. कारखान्यातली नोकरी संपून तीन वर्षे झाली होती, अंगणवाडीला चार दिवसांची सुट्टी होती. ठरवले, जायचे. पाठीवर पिशवी घेऊन पायी जायचे. मुलगा म्हणाला, "या वयात?" आम्ही म्हणालो, "या वयातच. आधी वेळ कुठे होता?"

हा मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. एकाने सांगितले, दुसरीने लिहून काढले, मग दोघांनी भांडून दुरुस्त केले. म्हणून यात 'मी' नाही. जिथे दोघांचे पटले नाही तिथे 'हे' आणि 'ही' असे लिहिले आहे. वाचकांनी समजून घ्यावे.

परतीचा पाऊस

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा होता. पाऊस संपला असे आम्ही धरून चाललो होतो. पण परतीचा पाऊस ही वेगळीच जात आहे. पूर्वी मुंबईच्या बाजूने मान्सून परतण्याची तारीख २९ सप्टेंबर धरत. २०२० साली हवामान खात्याने ती ८ ऑक्टोबर केली. तीही सरासरी झाली, वचन नव्हे. जून-जुलैचा पाऊस समुद्राकडून येतो, दिवसभर धरून असतो आणि अंगवळणी पडतो. परतीचा तसा नाही. सकाळी आभाळ धुतल्यासारखे असते. दुपारपर्यंत ऊन चटके देते. जमिनीतली ओल त्या उन्हाने वर चढते, आणि दोन-अडीचच्या सुमाराला घाटमाथ्याकडून काळे ढग उभे राहतात. मग तासा-दोन तासांचा खेळ. पण त्या तासाभरात वीज पडते, झाडे पडतात, ओढे फुगतात. हे सगळे आम्हाला आता सांगता येते. तेव्हा आम्ही सकाळचे आभाळ पाहून खूश झालो होतो.

पिशव्या म्हणजे मुलांची जुनी दप्तरे. त्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, मीठ-साखरेच्या पुड्या, एकेक जोडी कपडे, बॅटरी, दहा हात दोरी आणि अंथरायला प्लॅस्टिकचा कागद. कपडे आणि काडेपेटी हिने दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत बांधली. हे हसले होते. संध्याकाळी हसले नाहीत.

पहिल्या गाडीने कर्जत, तिथून भागीदारीच्या रिक्षाने कोंदिवडे गाव. गावात एका ओट्यावर म्हातारबाबा बसले होते. वाट विचारली तर त्यांनी आमच्या पायांकडे पाहिले, मग आभाळाकडे, मग म्हणाले, "बारा वाजायच्या आत चढाला लागा. दुपारचा काय भरवसा नाय." आम्ही हो म्हणालो.

बलकाची अक्षरे

गावापासून तासाभराच्या चालीवर झाडीत कोंडाण्याची बुद्धलेणी आहेत. इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराला कोरलेली. वरच्या कड्यावरून पाण्याची झालर लेण्यांच्या तोंडावर पडत होती. ती ओलांडून आत गेलो आणि बोलणे आपोआप थांबले.

मोठी कमान पिंपळपानासारखी. आत चैत्यगृह आणि स्तूप. बरेच खांब खालून झिजून तुटले आहेत, काही नुसते वरून लोंबल्यासारखे दिसतात. हे फिटर. यांचे लक्ष जोडकामावर. म्हणाले, "दगडात सुताराचं काम केलंय बघ. वासे, पट्ट्या, खिडकीची जाळी. लाकडात करायची सवय होती, तीच हातानं दगडात उतरवली." खरेच तसे आहे. त्या काळचे लाकडी घर कसे असे ते दगडात पाहायला मिळते. शेजारच्या विहारात तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या आहेत. त्यात दगडी ओटे आहेत. एका ओट्यावर आम्ही बसून पाहिले. गार, कोरडा, माणसाच्या मापाचा.

चैत्याच्या दर्शनी भागावर, कमानीच्या दोन्ही बाजूंना वर, नाचणाऱ्या जोडप्यांची शिल्पे आहेत. भिक्खूंच्या जागी नाचणारी जोडपी कशी, असा प्रश्न पडला. पण ज्यांच्या दानावर अशी लेणी उभी राहत ते संसारी लोकच असणार. ही म्हणाली, "दोन हजार वर्षं नाचतायत, आणि आपण एकदा हातात हात घालून चाललो नाही." हे इकडे-तिकडे पाहू लागले.

डाव्या अंगाला एका मोठ्या मूर्तीचे फुटके मस्तक आहे, त्याच्याजवळ ब्राह्मी अक्षरांची एक ओळ आहे. अर्थ इतकाच, की कण्ह म्हणजे कृष्ण याचा शिष्य बलक याने हे केले. 'कण्ह' आपल्याला कळतो, 'अंतेवासी' म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा हेही कळते, आणि शेवटचा शब्द 'कतं' म्हणजे केलं. पाली वंदना रोज म्हणणाऱ्याला ही भाषा परकी वाटत नाही. राजाचे नाव नाही, सावकाराचे नाव नाही. करणाऱ्याने आपले नाव लिहिले, आणि ज्याने शिकवले त्याचे आधी लिहिले. यांनी सदतीस वर्षे यंत्रांचे भाग जुळवले, त्यातल्या एकावरही यांचे नाव नाही. हे बराच वेळ त्या ओळीसमोर उभे होते. हिने वहीत ती अक्षरे एकेक करून उतरवून घेतली.

त्यातच वेळ गेला. निघालो तेव्हा पाऊण वाजला होता. म्हातारबाबांचा शब्द दोघांच्याही लक्षात होता आणि दोघांनीही तो काढला नाही. आभाळ निळे होते ना! चूक दोघांची, हे इथे लिहून ठेवतो.

खरे तर त्या जागेनेच आम्हाला सांगितले होते. पावसाळ्यात भिक्खू फिरतात, कोवळे गवत आणि पिके तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मरतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा भगवंतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे विनयपिटकात सांगितले आहे. पावसाचे तीन महिने एका जागी राहायचे, शिकायचे, शिकवायचे. अशा लेण्यांत त्यांचे पावसाळे जात. आम्ही ते ओटे पाहिले, त्यावर बसलो, फोटो काढला, आणि उठून ढगाखाली चालू लागलो.

दोन ओढ्यांच्या मध्ये

वाट खडी आहे. झाडी दाट, मुळांच्या पायऱ्या, मध्येच निसरडा कातळ. आमच्यासारख्यांना वीस पावलांवर थांबावे लागते. एक ओढा घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला, तोंडावर पाणी मारले. पलीकडे बोरघाटातून गाडी चढताना दिसली, मागून ढकलणारी इंजिने लावलेली. ही घाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. ते बोगदे आणि पूल बांधताना हजारो मजूर दगडाखाली, तापाने आणि पटकीने मेले. लेण्यातल्या बलकाचे नाव दोन हजार वर्षे टिकले, या मजुरांपैकी कोणाचे नाव आपल्याला ठाऊक आहे?

दोन वाजता उजेड पिवळा झाला. वारा एकदम थांबला. पाखरे गप्प झाली. मग माथ्याकडून गडगडाट आला आणि पाच मिनिटांत पावसाची भिंत अंगावर पडली. समोरचे झाड दिसेना. हे एका मोठ्या उंच झाडाच्या बुंध्याशी जाऊन उभे राहिले आणि हिलाही बोलावू लागले. ही ओरडली, "अहो, त्या झाडाखालून आधी बाहेर या!"

अंगणवाडीच्या कामात तिला आपत्तीचे एक प्रशिक्षण मिळाले होते. त्यातले तिला नेमके तेव्हा आठवले. वीज उंच आणि एकट्या वस्तूवर पडते, म्हणून मोठ्या झाडाला टेकायचे नाही. उघड्या टेकाडावर उभे राहायचे नाही. खोलगट जागी, बुटक्या झाडोऱ्यात, पाय जुळवून उकिडवे बसायचे. आडवे पडायचे नाही. आणि दोघांनी एकमेकांना बिलगून बसायचे नाही. लांब बसायचे, म्हणजे एकाला झटका बसला तर दुसरा उपचाराला शिल्लक राहतो. लग्नाला पस्तीस वर्षे झाली, संकटात आम्ही कधी लांब बसलो नव्हतो. त्या दिवशी पंधरा पावलांवर, एकमेकांकडे तोंड करून, ओलेचिंब उकिडवे बसलो. वीज चमकली की ही मोठ्याने आकडे मोजायची. प्रकाश लगेच दिसतो, आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. नऊ मोजले, म्हणजे तीन किलोमीटर. मग सहा. मग तीन. मग एकदा 'एक' म्हणायच्या आतच कानठळ्या बसल्या आणि जळका वास आला. यांनी हातातली लोखंडी टोकाची काठी दूर फेकली. लोखंड विजेला ओढून घेत नाही, उंची आणि एकटेपणा ओढतो, हे नंतर कळले. पण तेव्हा काठी फेकून बरे वाटले.

पुढे आकडे पुन्हा वाढत गेले. विजा दूर गेल्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जागा सोडायची नाही, हाही नियम हिला पाठ होता. तो आम्ही पुरा पाळला नाही. वीस मिनिटांत हे उठले. चार पावले पुढे गेलो आणि आवाज ऐकू आला. आधी वाटले, घाटात मालगाडी आहे. मग वळणावर पोहोचलो तर समोर दुसरा ओढा. पाणी तांबडे, त्यात फांद्या, पाने, फेस. खालचे दगड गडगडत चालले होते. मागे वळून पहिल्या ओढ्याशी गेलो, तर ज्याच्यात तोंड धुतले होते तोही तसाच. आम्ही दोन ओढ्यांच्या मध्ये अडकलो होतो. साडेतीन वाजायला आले होते. मोबाइलला रेंज नव्हती.

हे म्हणाले, "दोरी आहे. मी पुढं जातो, पलीकडं झाडाला बांधतो, मग तू ये. गुडघाभर तर आहे."

ही म्हणाली, "नाही."

"अगं, अंधार पडला तर? रात्र इथं काढायची?"

"काढू."

"दोन हजार पाचला छातीभर पाण्यातून आलो होतो मी. हे काय आहे त्याच्यापुढं?"

ही खाली बसली. आणि मग बोलली.

२००५ ची ती गोष्ट आमच्या घरात यांनी शेकडो वेळा सांगितली आहे. अंबरनाथला कामावर होते, गाड्या बंद पडल्या, रुळांवरून चालत बदलापूर गाठले, मध्यरात्री गल्लीत छातीभर पाणी, विजेच्या खांबाखांबाला धरत आले आणि शेजाऱ्यांनी वरून हात देऊन ओढून घेतले. मुले डोळे विस्फारून ऐकत. ही चहा करत असे.

आता ती म्हणाली, "मी वरच्या गॅलरीत होते. धाकटीला ताप होता, ती मांडीवर. थोरला कमरेला मिठी मारून. शेजाऱ्यांच्या बॅटरीच्या उजेडात मला तुम्ही दिसलात. तिसऱ्या खांबापाशी तुमचा हात सुटला. तुम्ही पाण्याखाली गेलात. मला ओरडता आलं नाही, कारण ओरडले असते तर पोरांनी तिकडं पाहिलं असतं. मी आकडे मोजले. आता मोजले ना विजेचे, तसे. नऊपर्यंत मोजले. नऊ आकडे मी दोन पोरांची विधवा आई होते. मग तुम्ही वर आलात. तुम्हाला ते आठवतसुद्धा नाही. तुम्ही सांगता, पार केलं म्हणून वाचलो. अहो, पलीकडच्या जिन्यावर थांबला असता तरी वाचला असता. आम्ही वरती सुखरूप होतो. पाणी सकाळी उतरलंच होतं."

हे काही बोलले नाहीत.

"एकोणीस वर्षं मी हे बोलले नाही, कारण तुम्हाला त्या रात्रीचा अभिमान होता. पण आज मी गॅलरीत नाही. आज मी तुमच्या बाजूला आहे. आज मला विचारून पाण्यात पाय टाका."

यांनी दोरी परत दप्तरात घातली. काठावरच्या एका दगडावर खडूसारख्या मऊ दगडाने रेघ ओढली, पाण्याच्या अगदी वर. आणि हिच्या शेजारी येऊन बसले. दशमी काढली, अर्धी-अर्धी केली. दोघांचेही हात कापत होते. थंडीने म्हणा.

डोंगरातल्या ओढ्याचे एक बरे असते. त्याला पाणी देणारा उतार लहान आणि खडा असतो, म्हणून तो अर्ध्या तासात फुगतो आणि पाऊस थांबला की दोन-तीन तासांत ओसरतो. खालची मोठी नदी मात्र सगळ्या ओढ्यांचे पाणी गोळा करत सावकाश फुगते आणि सावकाश उतरते. गुडघाभर पाणीसुद्धा वेगात असले तर उभ्या माणसाला पाडते, कारण तळाचे दगडच हलत असतात. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात काटक्या-पाने वाहत आली, की समजावे, वर कुठेतरी पाऊस पडतो आहे आणि लोंढा मागून येतो आहे. हे सगळे आम्ही त्या काठावर बसून डोळ्यांनी पाहिले. चार वाजता पाणी रेघेच्या एक वीत खाली गेले. साडेचारला हातभर. पाणी निवळत गेले, दगड दिसू लागले. पावणेपाचला, पुढे ही आणि मागे हे, एकमेकांचे मनगट धरून, घोट्याएवढ्या पाण्यातून आम्ही पलीकडे गेलो.

वरच्या गावातले लुगडे

दिवेलागणीला वर उधेवाडीत पोहोचलो. राजमाची म्हणतात ती हीच वाडी. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी वसलेली. पहिल्याच घराच्या पडवीत एक बाई तांदूळ निवडत होती. आमचा अवतार पाहून उठली. इथे डोंगर चढणाऱ्यांना जेवण आणि झोपायला जागा देण्याचा रिवाज आहे, ते ठाऊक होते. तरी तिने "कुठनं आलात?" म्हणून विचारल्यावर "बदलापूर" सांगितले, आणि तिने पुढे "मूळ गाव कंचं? कोणाचं?" विचारले, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले.

वाचकांना त्या पाहण्याचा अर्थ सांगायला नको. आमच्या आजोबांना दुसऱ्याच्या विहिरीवर ओंजळ पुढे करून उभे राहावे लागे आणि वरून पाणी ओतले जाई. पन्नास-साठ वर्षांनीही तो प्रश्न आला की ओंजळ आठवते. पण लपवायचे काय? आम्ही सरळ म्हणालो, "मूळ गाव साताऱ्याकडं. आम्ही बौद्ध."

बाई म्हणाली, "म्हंजी लेण्यातनंच आला असाल. मग लेणं सोडलंत कशाला? कोरडी जागा सोडून पावसात भिजाया? म्हाताऱ्या माणसांनी जरा इचार करावा." आणि आत गेली.

परत आली ती हातात तिचे स्वतःचे, घडी केलेले लुगडे घेऊन. "हे नेसा आधी. तुमची कापडं चुलीपाशी टाका." पिशवीतल्या कपड्यांपैकी हिची साडी कशी कोण जाणे भिजली होती. यांचा सदरा कोरडा होता. दुधाच्या पिशवीत होता तो. बाईने चुलीपुढे बसवले. नाचणीची भाकरी, पिठले, लसणाचा ठेचा. जेवणाचे आणि राहण्याचे पैसे आम्ही दिले, तिने मोजून घेतले. तो तिचा धंदा आहे आणि असावा. पण त्या लुगड्याचे पैसे ठरलेले नव्हते. आपल्या अंगावरचे वस्त्र ती आमच्या घरच्या बाईला नेसायला देत होती. जग पुष्कळ वाईट आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून जे चांगले घडले तेही नोंदवून ठेवले पाहिजे. दुसऱ्या दिवशी हिने ते धुऊन दांडीवर वाळत टाकले तेव्हा बाई रागावली.

यांचा घोटा रात्री सुजला. एक दिवस जास्त मुक्काम करावा लागला. आमचा छोटा वर्षावास झाला, असे आम्ही म्हणालो.

नदीचे घर

दुसऱ्या सकाळी हळूहळू श्रीवर्धनवर चढलो. वर बुरुजावर वारा आणि लख्ख ऊन. खाली उल्हासचे खोरे. कड्यांवरून पांढऱ्या दोऱ्यांसारखे ओढे खाली सुटलेले, कालचे आमचे दोन त्यातच कुठेतरी. ते सगळे खाली एकमेकांना मिळत होते आणि पुढे एक चकाकणारी रेघ कर्जतकडे जात होती. नदीचा उगम म्हणजे एखादे कुंड असेल, गोमुख असेल, असे आमच्या मनात होते. तसे काही नाही. शंभर ओढे एकत्र येतात, त्याला आपण पुढे नदी म्हणतो. हीच पुढे नेरळ, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला जाते. भिवपुरीच्या वीजगृहातून १९२२ पासून सुटणारे पाणीही तिलाच मिळते, म्हणून ती उन्हाळ्यात आटत नाही आणि आपल्या नळांना पाणी येते.

हे म्हणाले, "आपल्या घरात आलं ते पाणी इथलं होतं तर." ही म्हणाली, "पाण्याचा काय दोष? ते आपल्या वाटेनं आलं." विचार केला तर खरे आहे. नदीच्या पात्राकडेच्या पसरट जागा या पुराच्या पाण्याच्या हक्काच्या. तिथे भराव पडला, इमारती झाल्या, आणि जागा स्वस्त म्हणून आपल्यासारख्यांची घरेही तिथेच झाली. २७ जुलै २०१९ ला वांगणी-बदलापूरच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस याच नदीच्या पुरात अडकली. हजाराच्या वर प्रवासी होते, नौकांतून बाहेर काढावे लागले. नदीला दोन रेषा सरकारने ठरवलेल्या असतात, निळी पूररेषा आणि लाल पूररेषा. खोली घेताना आपण भाव विचारतो, वीज-पाणी विचारतो, रेषा कोणती ते विचारत नाही. आम्हीही विचारली नव्हती. नव्या जोडप्यांनी ती विचारावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघून लोणावळ्याकडे चालू लागलो. पंधरा किलोमीटरची वाट, बरीचशी सपाटीची. या वेळी आम्ही आभाळाशी करार केला होता. एक वाजायच्या आत जिथे असू तिथे छप्पर शोधायचे. साडेबाराला लोणावळ्यात पोहोचलो. अडीचला पुन्हा गडगडाट झाला, तेव्हा आम्ही फलाटावर चहा पीत होतो.

जाणाऱ्यांसाठी

कोणाला जायचे असेल तर चार गोष्टी. गावातला माणूस वेळ सांगेल ती पाळा. परतीच्या पावसात चढ सकाळीच उरका. पुण्याच्या हवामान संशोधकांनी केलेले 'दामिनी' नावाचे विजेचा इशारा देणारे ॲप मोबाइलवर घ्या, पण रेंज नसेल तर ते मुके असते हे लक्षात ठेवा. कपडे प्लॅस्टिकमध्ये बांधा, दोघांचेही. लेण्यांत नावे कोरू नका. तिथे बलकाचे नाव आहे, तेवढे पुरे. आणि ओढा भरला तर बसा. बसल्याने कोणी बुडत नाही.

परतताना गाडी घाटातून उतरत होती. खिडकीतून पलीकडे राजमाचीचे दोन्ही माथे ढगात गेलेले दिसले. त्या ढगाखाली आमचे दोन ओढे पुन्हा भरले असतील. त्यांचे पाणी सावकाश आमच्या मागून बदलापूरला येत होते.

घरी आल्यावर नातीने वहीतली ब्राह्मी अक्षरे पाहिली आणि आपल्या वहीत उतरवून घेतली. मग नेहमीप्रमाणे आजोबांना म्हणाली, "पुराची गोष्ट सांगा ना, खांबाखांबाला धरून आलात ती." हे भिंतीवरच्या रेघेकडे पाहत थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "ती गोष्ट मला अर्धीच माहीत होती. आजीला विचार."